न पाहिलेल्या खाणीचे दलाल

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावचा शेतकरी नंदुरबारच्या कृषी सेवा केंद्रातून बियाण्याचे पाकीट घेतो, तेव्हा दुकानदाराला त्याची पावती द्यावी लागते. तीवर वाणाचे नाव असते, लॉट क्रमांक असतो, किंमत असते. बियाणे उगवले नाही, तर तीच पावती घेऊन शेतकरी त्याच दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहतो. ‘बियाणे कंपनीने तयार केले, आम्ही केवळ विकले’ असे दुकानदाराने म्हटले, तरी तेवढ्याने त्याची सुटका होत नाही. गावाच्या लेखी तर होत नाहीच. १९६६ चा बियाणे कायदा आणि त्यानंतरचा १९८३ चा नियंत्रण आदेश यांनी विक्रेत्याला परवान्याच्या आणि नोंदीच्या चौकटीत बसविले, ते याच कारणास्तव. जो माल आपण निर्माण केला नाही, तो पुढे विकणाऱ्यावरही काही दायित्व येते, ही गोष्ट ग्रामीण महाराष्ट्राला नव्याने शिकवावी लागत नाही.

नवल हे की, माल डोळ्यांना दिसेनासा झाला की हे दायित्वही दिसेनासे होते. आभासी चलनाच्या ‘क्लाउड मायनिंग’ची जी करारपत्रे गेल्या दशकात आप्तेष्टांच्या, सहकाऱ्यांच्या आणि ओळखीपाळखीच्या वर्तुळांत फिरली, त्यांचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा. मूळ योजना काढणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती योजना घरोघर पोहोचविणाऱ्या, दुसऱ्याकडून घेतलेला करार तिसऱ्याला विकून मधली दलाली घेणाऱ्या माणसाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आणि खरा नैतिक प्रश्न तर त्याच्याच दाराशी आहे.

हे ‘खाणकाम’ म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेणे इष्ट. बिटकॉइनच्या जगात सर्व व्यवहारांची एक सामायिक वही असते आणि साधारणपणे दर दहा मिनिटांनी तीत एक नवे पान जोडले जाते. ते पान जोडण्याचा मान मिळविण्यासाठी जगभरातील यंत्रे एक अवघड गणिती कोडे सोडविण्याची शर्यत लावतात. ज्याचे यंत्र जिंकेल त्याला नवी बिटकॉइन बक्षीस मिळतात. यंत्रे महाग, त्यांना लागणारी वीज अफाट. शेतीपंपाच्या विजेसाठी रात्रीच्या पाळीची वाट पाहणाऱ्या माणसाला या धंद्यातील विजेचे मोल निराळे समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हा यंत्र दूरदेशी ज्याचे त्याच्याकडेच राहू द्यावे आणि त्याच्या शक्तीचा काही हिस्सा ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घ्यावा, ही क्लाउड मायनिंगची कल्पना. कल्पनेत मुळात गैर काही नाही. विहिरीचे पाणी वाट्याने घेण्याचा व्यवहार आपल्याकडे जुनाच आहे. फरक इतकाच की तेथे विहीर दिसते, आणि पाणी आटले तर तेही दिसते.

महाराष्ट्रात या धंद्याचे नाव गाजले ते ‘गेनबिटकॉइन’मुळे. २०१५ च्या सुमारास अमित भारद्वाज व त्याच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या या योजनेत लोकांनी बाजारातून बिटकॉइन विकत घ्यावीत, ती क्लाउड मायनिंगच्या करारात गुंतवावीत आणि अठरा महिनेपर्यंत दरमहा दहा टक्के परतावा घ्यावा, असे आमिष होते. जो नवा गुंतवणूकदार आणील त्याला त्याबद्दल कमिशन. आरंभी परतावा बिटकॉइनमध्येच मिळत गेला. ज्यांना मिळाला त्यांनी तो इतरांना दाखविला. २०१७ च्या सुमारास नव्या पैशाचा ओघ आटला, तेव्हा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे, बाजारात फारसे मोल नसलेले घरचेच चलन लोकांच्या माथी मारण्यात आले. पुण्यात गुन्हे दाखल झाले, एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाजला अटक झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, त्याचा मृत्यू झाला. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे या प्रकरणात एकट्या २०१७ मध्येच सुमारे ६,६०० कोटी रुपये किमतीची बिटकॉइन गोळा करण्यात आली होती.

आता यातील गणित पाहावे. एक बिटकॉइन देणाऱ्याला दरमहा एक दशांश, म्हणजे अठरा महिन्यांत एकूण एक पूर्णांक आठ दशांश बिटकॉइन मिळणार. हे खाणकामातून साधणे संभवनीय होते काय? बिटकॉइनची रचनाच अशी आहे की, दर दोन आठवड्यांच्या सुमारास कोड्याची अवघडता आपोआप बदलते. शर्यतीत यंत्रे वाढली की कोडे अवघड होते. जगातील एकूण यंत्रशक्ती दुप्पट झाली, तर जुन्या यंत्राचा वाटा निम्म्यावर येतो. शिवाय साधारण चार वर्षांनी बक्षीसच अर्धे होते. जुलै २०१६ मध्ये, म्हणजे ही योजना भरात असतानाच, ते पंचवीसवरून साडेबारा बिटकॉइनवर आले. ज्या खाणीचे उत्पन्न घटत जाणे तिच्या नियमांतच लिहिलेले आहे, त्या खाणीतून अठरा महिने अढळ दहा टक्के देण्याचे वचन हे खाणकामाचे वचन असूच शकत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी पैशातून द्यावयाचे वचन असते. आणि हे कळण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. इतके दुभते यंत्र त्याचा मालक परक्याला भाड्याने का देतो, एवढा एकच प्रश्न पुरे होता.

तो प्रश्न विचारला गेला नाही, कारण विकणारा परका नव्हता. तो कार्यालयातला सहकारी होता, मेहुणा होता, सोसायटीतला शेजारी होता. कंपनी सिंगापूरची की दुबईची, याच्याशी घेणाऱ्याला कर्तव्य नव्हते. तो कंपनीवर नव्हे, माणसावर विश्वास ठेवीत होता. दलालाने विकलेली वस्तू वस्तुतः यंत्रशक्ती नव्हतीच. त्याने आपली पत विकली, आणि तिची किंमत कमिशनच्या रूपाने गुपचूप खिशात घातली. ‘मीही त्यात पैसे घातले होते, मीही फसलो’ हा त्याचा युक्तिवाद पुष्कळदा खराही असतो. पण स्वतः फसणे आणि दुसऱ्याला गुंतवून त्यावर मोबदला घेणे, या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीबद्दल सहानुभूती असावी. दुसरीबद्दल हिशेब मागितला पाहिजे.

नंदुरबार भागातील माणसाला मध्यस्थ म्हटला की आठवतो तो मुकादम. ऊसतोडीच्या हंगामासाठी आदिवासी मजुरांना उचल देऊन गुजरातच्या साखर कारखान्यांकडे नेणारा हा माणूस काही साधुसंत नव्हे. त्या व्यवस्थेत पिळवणूक आहेच, आणि तिचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. परंतु मुकादम हातात सापडतो. टोळी पळाली तर कारखाना त्याला धरतो, मजुरी बुडाली तर मजूर त्याचे घर गाठतात. क्लाउड मायनिंगचा दलाल मुकादमाचे कमिशन घेतो. मुकादमाची जोखीम मात्र घेत नाही.

हा रोग केवळ आपला नव्हे. अमेरिकेतील ‘गॉ मायनर्स’ या कंपनीने २०१४ मध्ये आपल्याजवळ होती त्याहून कितीतरी अधिक यंत्रशक्ती कागदावर विकली. तिच्या प्रमुखाला २०१८ मध्ये एकवीस महिन्यांची शिक्षा झाली. एस्टोनियातील ‘हॅशफ्लेअर’च्या दोघा संस्थापकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला, विकलेल्या करारांइतकी यंत्रे त्यांच्याकडे कधी नव्हतीच. ‘बिटक्लब नेटवर्क’ या प्रकरणात तर केवळ चालकच नव्हे, तिचे हिस्से खपविणारा प्रसारकही २०२० मध्ये अमेरिकी न्यायालयात दोषी म्हणून उभा राहिला. आपल्याकडील दलालांनी या शेवटच्या उदाहरणाची विशेष दखल घ्यावी.

कारण भारतीय कायदाही या बाबतीत समजला जातो तितका ढिला नाही. बक्षीस चिठ्ठ्या व पैसा फिरविणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा केवळ योजना काढण्यास नव्हे, तर तीत इतरांना सभासद करून घेण्यास, इतकेच काय स्वतः सहभागी होण्यासही मनाई करतो. अनियंत्रित ठेव योजनांवरील २०१९ च्या कायद्याने जाणूनबुजून खोटे आश्वासन देऊन दुसऱ्यास अशा योजनेकडे वळविणे हा गुन्हा ठरविला आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्येच स्वतंत्र कायदा केला. न पाहिलेल्या सागवानाच्या रोपांवर लोकांनी घातलेले पैसे बुडाल्याची आठवण तेव्हा ताजी होती. तेव्हाही रोपे विकणारे बहुधा ओळखीचेच असत. बिटकॉइन म्हणजे पैसा की मालमत्ता, आणि ते घेणे म्हणजे ठेव घेणे होय की नव्हे, यावर वकील वाद घालोत. २०२२ पासून आभासी मालमत्तेवरील नफ्यावर तीस टक्के कर लागू आहे. पण कर बसविला म्हणजे शासनाने धंद्याला मान्यता दिली, असे जे सांगितले जाते, ते मात्र धादांत खोटे आहे. करआकारणी हा प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे.

मग असा करार प्रामाणिकपणे पुढे विकताच येत नाही काय? येतो; पण त्याच्या अटी जड आहेत. यंत्रे कोठे आहेत, कोणाची आहेत, विजेचा आणि देखभालीचा खर्च कोण कापतो, उत्पन्न खर्चाखाली गेले तर करार संपुष्टात येतो काय, हे विक्रेत्याला ठाऊक असले पाहिजे आणि त्याने ते लेखी दिले पाहिजे. परताव्याची हमी देता कामा नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला या व्यवहारात किती मिळणार, हे त्याने घेणाऱ्याला आधी सांगितले पाहिजे. ‘मामा, यात तुमचे एक लाख जातील, आणि त्यांतले दहा हजार मला मिळतील’ असे तोंडावर सांगून जो करार विकला जाईल, तो खुशाल विकावा. या एका वाक्यानिशी किती करार खपले असते, हा विचार ज्याचा त्याने करावा.

गेनबिटकॉइनचा तपास अद्याप संपलेला नाही. या प्रकरणाला लाजिरवाणे वळणही लागले: तपासात साहाय्यासाठी घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच, आरोपींचे आभासी चलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून, पुणे पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने पुणे, नांदेड, कोल्हापूर, दिल्ली, चंडीगड, बंगळूर अशा ठिकाणी मिळून साठाहून अधिक जागी झडत्या घेतल्या आणि सुमारे २४ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले. ६,६०० कोटींच्या शेजारी हा आकडा मांडून पाहिला, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पदरात पुढेमागे काय पडण्याचा संभव आहे, याची कल्पना येते. उरलेल्या चलनाच्या किल्ल्या, म्हणजे सांकेतिक शब्द, मिळविण्यासाठी तपास यंत्रणांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. दलालांनी घेतलेल्या कमिशनला अशी कोणतीही किल्ली लागत नाही. ते कोणाकडून, किती आणि केव्हा मिळाले, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. आणि ते परत करण्यासाठी न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबण्याचे कारण नाही.