‘चेक’ शब्दाचें मूळ

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘चेक’ हा शब्द आधीं सोपा वाटतो आणि पुढें तोच गोंधळांत पाडतो. वाढत्या खर्चाला आळा घालणें म्हणजे चेक, हिशेब तपासणें म्हणजेहि चेक. चौकड्यांचें कापड तें चेक आणि बँकेंतून पैसे काढण्याची चिठ्ठी तीहि चेकच! कोशांत एकाखालीं एक मांडलेले हे अर्थ घोकावे लागतात, कारण त्यांचें परस्परांशीं कांहीं नातें दिसत नाहीं. पण नातें आहे; आणि श्रोत्यांपैकीं ज्यांनीं बुद्धिबळाचा पट कधीं मांडला असेल, त्यांना तें सहज उमगेल.

बुद्धिबळाचा खेळ मूळचा भारतांतला. ‘चतुरंग’ या नांवाचा हा खेळ इराणांत गेला, तेव्हां त्यांतील राजाला ‘शाह’ हें फारसी नांव मिळालें. राजावर मारा होतांच ‘शाह!’ असें म्हणून प्रतिपक्षाला सावध करण्याची रीत पडली. पुढें अरबांनीं हा खेळ पश्चिमेकडे नेला. तोच ‘शाह’ जुन्या फ्रेंच भाषेंत ‘एशेक’ झाला आणि इंग्लंडांत ‘चेक’ झाला. खेळाचें ‘चेस’ हें नांवहि त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून निघालें आहे.

येथें अर्थांची गांठ सुटूं लागते. राजाला शह बसला कीं खेळणाऱ्याला आपला बेत सोडून थांबावेंच लागतें. म्हणून चेक म्हणजे अटकाव. अटकाव करणारा खरेंखोटें पाहूनच पुढें जाऊं देतो. म्हणून चेक म्हणजे तपासणी. पटावरील घरांसारखी वीण असलेलें कापड, तें चेकचें कापड.

राहिला पैसा. १२ व्या शतकांत इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च सुमारें १० फूट लांब व ५ फूट रुंद अशा मेजावर होत असे. त्यावर रेघा आंखलेलें काळें कापड अंथरून रकान्यांतून मोजणीचीं नाणीं मांडीत. बुद्धिबळाच्या पटाशीं असलेल्या या साम्यावरून खजिन्याच्या कचेरीला ‘एक्स्चेकर’ हें नांव पडलें. ब्रिटनचा अर्थमंत्री आजहि ‘चॅन्सेलर ऑफ दि एक्स्चेकर’ म्हणवितो. बँकेचा चेक मात्र तपासणीच्या अर्थांतून आला. लबाडी पकडतां यावी म्हणून चिठ्ठीशीं ताडून पाहण्यास जी स्थळप्रत ठेवीत, तिला १८ व्या शतकाच्या आरंभीं चेक म्हणत. पुढें चिठ्ठीलाच तें नांव चिकटलें. इंग्लंडांत त्याचें स्पेलिंग एक्स्चेकरच्या वळणावर गेलें. अमेरिकेंत तें साधेंच राहिलें.

तोच फारसी ‘शाह’ दुसऱ्या वाटेनें मराठींतहि आला. ‘शह देणें’, ‘शहकाटशह’ हे प्रयोग त्याचेच. ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला; इंग्रजीचें ‘चेकमेट’ तेंच आणि आपलें ‘मात करणें’ हेंहि तेथलेंच. मराठी मनुष्य ‘शह’ शब्दाला घरचा मानतो आणि ‘चेक’ शब्दाला परका. वस्तुतः दोघे सख्खे भाऊ, एक पूर्वेच्या वाटेनें आलेला, दुसरा सारा युरोप फिरून. खेळ भारतानें दिला, शब्द इराणनें दिला, आणि दोन्ही सर्वांचे झाले. एखाद्या शब्दाला परका ठरविण्यापूर्वीं त्याचें गांव विचारावें, हें बरें. विद्यार्थ्यानेंहि अर्थांची यादी घोकण्यापूर्वीं तो पट एकदां डोळ्यांपुढें आणावा. मग यादी आपोआप ध्यानांत राहते.