मायनिंग रिग का बिघडते?

क्रिप्टोकरन्सीच्या घरगुती मायनिंग रिगमध्ये एकाच मदरबोर्डला रायझरने (कार्ड बोर्डापासून दूर बसवू देणाऱ्या जोडणीने) अनेक ग्राफिक्स कार्डे जोडलेली असतात आणि ती चोवीस तास राबतात. बहुधा आधी पंखा जातो: धूळ साचते, बेअरिंग झिजते, घरघर सुरू होते. मग कार्डाची मेमरी तापू लागते. ‘आरटीएक्स ३०९०’सारख्या कार्डात ती ११० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, की कार्ड स्वतःच वेग कमी करते; थर्मल पॅड बदलल्यावर अनेकदा फरक पडतो.

खरा धोका रायझरच्या वीजजोडणीत असतो. स्लॉटमधून कार्ड ७५ वॅटपर्यंत वीज ओढू शकते. रायझरला अनेकदा ज्यातून वीज दिली जाते, त्या साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची क्षमता मात्र ५४ वॅटच. जादा भाराने त्याचे प्लास्टिक करपते, वितळते, प्रसंगी पेटही घेते. म्हणून रायझरला पॉवर सप्लायमधून थेट सहा पिनांची केबल देणे सुरक्षित ठरते.