सडपातळ अंगातली चरबी
भारतीय नवजात बाळ युरोपीय बाळापेक्षा हलके असते, पण त्याच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नसते; कमी भरतात ते स्नायू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत हे मोजले. बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो; पाठीवरच्या त्वचेची चिमटीत धरलेली, चरबी दाखवणारी घडी मात्र फारशी कमी नव्हती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलाचे शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. इन्सुलिनला मिळणाऱ्या अशा कमी दादीतूनच भारतीयांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून डॉक्टर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २३ पासूनच सावध होतात आणि कंबरेचा घेर मोजतात: पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० ही मर्यादा.