नेदरलँड्समध्ये पेट्रोल पंपाची अनोळखी नोंद दिसली तर

डच बँकेच्या खात्यावर पेट्रोल पंपाची अनोळखी नोंद दिसली की आपण लगेच फसवणुकीची शंका घेतो. माझ्या मते पहिला संशय वेगळ्याच गोष्टीवर घ्यावा: नावावर. पंपावरची पाटी ब्रँडची असते, पण पैसे घेणारी कंपनी पुष्कळदा दुसरीच, म्हणजे तो पंप चालवणारी. ते नाव कामर फान कोपहांडेल, म्हणजे व्यापार नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. नोंदीतली वेळ आणि गावही पाहा; ओळख बहुतेक वेळा तिथेच पटते.

दुसरा गोंधळ रकमेचा. टँगो किंवा टिंकसारख्या कर्मचारी नसलेल्या पंपावर कार्ड आधी लावायचं, इंधन नंतर भरायचं. तुम्ही किती भराल हे यंत्राला माहीत नसतं, म्हणून ते आधी मोठी रक्कम राखून ठेवतं आणि मग प्रत्यक्ष भरलेल्या इंधनाचेच पैसे कापले जातात. भारतातल्या क्रेडिट कार्डावरच्या इंधन अधिभाराशी याचा संबंध नाही. इथे जास्तीचं शुल्क लागत नाही. "पण तोवर माझे पैसे अडकतात ना?" हा आक्षेप अगदी रास्त आहे. शिल्लक कमी असलेल्या विद्यार्थ्याला त्याची झळ खरोखर बसते. त्याने माणूस असलेला पंप गाठून भरल्यावर पैसे द्यावेत. मात्र गाव, वेळ, रक्कम यांतलं काहीच जुळत नसेल, तर थांबू नका: कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा. युरोपीय नियमानुसार तक्रारीची कमाल मुदत 13 महिने आहे, पण विनाविलंब कळवणंही त्याच नियमात अपेक्षित आहे.