कंपनीचा स्टिरिओ तसाच, आवाज मात्र दमदार

गाडीत टचस्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा कंपनीच्या स्टिरिओलाच जोडलेले असतात, तो काढू नका. त्यावर ‘५० वॅट × ४’ छापलेलं असलं, तरी १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजाचे जेमतेम १८-२० वॅट मिळतात. म्हणून हैदराबाद-सिकंदराबादेत राणीगंजला खरेदीला जाल, तेव्हा ‘हाय-लेव्हल इनपुट’चाच ॲम्प्लिफायर मागा. तो स्पीकरच्या तारांमधूनच सिग्नल घेतो. मूळ वायरिंगला कात्री लावू देऊ नका, कपलर बसवून घ्या. दाराचा पत्रा थरथरत असेल तर महागडा स्पीकरही भसाडा वाजतो, तेव्हा डॅम्पिंग शीट आधी. आणि ॲम्प्लिफायरच्या पॉवर केबलला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. तार घासून बॉडीला टेकली, तर गाडी पेटू शकते.