कायद्याची तोंडओळख : भाग ७ – धाड दारात येते तेव्हा

मागच्या भागात अटक पाहिली, आता झडती. हिंगणघाटकरांना हा विषय पुस्तकी वाटायचा नाही. वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावानं दारूबंदीचा आणि शेजारी नागपूर-यवतमाळात दुकानं उघडी. त्यामुळे 'वॉश आउट'च्या धाडी आणि मोहा सडव्याचे ओतून दिलेले ड्रम इथल्या पेपरात नित्याचेच. नाल्याकाठच्या भट्टीवर धाड पडली तर फारसा वाद नसतो. वाद उठतो वस्तीत, कुणाच्या तरी घराची कडी वाजते तेव्हा. किंवा न वाजताच दार उघडतं तेव्हा.

अमेरिकेत दार न ठोठावता घुसण्याचं वॉरंट न्यायाधीश देऊ शकतो. मार्च 2020 मध्ये लुईव्हिलला असं वॉरंट घेऊन गेलेल्या पोलिसांच्या गोळ्यांनी ब्रिओना टेलर ही तरुणी ठार झाली आणि त्या शहरानं असली वॉरंटं बंद केली. आपल्या नागरिक सुरक्षा संहितेत तसं वॉरंटच नाही. पोलिसांनी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगायचं, आत येऊ द्या म्हणायचं. तरीही वाट मिळाली नाही तरच दार तोडायचं.

मात्र 'वॉरंट दाखवा' म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही. तातडी असेल तर तपास अधिकारी वॉरंटविना झडती घेऊ शकतो. कलम 185 ची खरी अट वेगळी आहे: झडतीचं कारण आधी लिहून ठेवायचं आणि त्याची प्रत 48 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. घरमालकानं अर्ज केला तर ती प्रत तिथून मोफत मिळते. हा अर्ज फारसं कुणी करत नाही, हे आपलं दुर्दैव.

राजस्थानात कारण न नोंदवता आलेल्या उत्पादन शुल्क अधिकाऱ्यांना रहमान नावाच्या इसमानं अडवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हा मानला नाही. पण त्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं, तेव्हा हा मार्ग मी कुणाला सुचवणार नाही. उलट 1974 च्या पूरणमल निकालानुसार झडती बेकायदा ठरली तरी तीत सापडलेला माल निव्वळ तेवढ्यावरून पुराव्यातून बाद होत नाही. आपल्या संरक्षणातलं सगळ्यात मोठं भगदाड हेच.

पंच दोन हवेत, स्वतंत्र आणि शक्यतो त्याच भागातले. शेजाऱ्याला कोर्टाच्या तारखा नको असतात, म्हणून ठरावीक पंचांचं फावतं. पंचनाम्यात एक वाक्य हटकून असतं: पोलीस व पंचांनी आत जाण्यापूर्वी आपली अंगझडती दिली. खरंच दिली होती का? 1 जुलै 2024 पासून झडतीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, मोबाईलवरचंही चालतं. चित्रण स्वयंपाकघरात सुरू झालं की उंबऱ्याबाहेर, हे वकिलाला आवर्जून बघायला सांगा. झडतीच्या वेळी घरच्यांपैकी कुणीतरी तिथे हजर राहा आणि जप्तीच्या यादीची प्रत हातात पडल्याशिवाय सोडू नका.

पुढच्या भागात : जप्त झालेली मोटरसायकल परत कशी मिळवायची?