एक संगणक, किल्ल्या दोन

बालमित्रांनो, तुमच्या घरी एकच संगणक सगळे वापरतात ना? मग प्रत्येकाचं खातं वेगळं हवं!

खाती दोन प्रकारची. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याला सगळी मुभा : नवे प्रोग्राम बसवणं, दुसऱ्यांची खाती काढून टाकणंसुद्धा. स्टँडर्ड म्हणजे साधं खातं. त्यात अभ्यास, चित्रं, खेळ सगळं चालतं. पण संगणकात मोठा बदल करायचा तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो.

याचा उपयोग काय? समजा, फुकटच्या खेळाबरोबर व्हायरस शिरला. तो तुमच्या खात्याच्या अधिकारांनीच चालतो. खातं साधं असेल, तर तुमच्या फायली बिघडतील. पण ताईचा प्रकल्प सहसा वाचेल.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स प्रणालीचं काम सुरू झालं. तिच्या सर्वाधिकारी खात्याचं नाव ‘रूट’. जाणकार माणसं रोजच्या कामाला ते वापरत नाहीत.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स इथे नवं खातं उघडतं. पालकहो, मुलांना साधं खातं द्याच, पण रोजच्या कामाला स्वतःही तेच वापरा. मोठी किल्ली खिशात राहू द्या!